पांजरपोळ : एका शब्दाचे घर

मुंबईत भुलेश्वरच्या गर्दीतून माधवबागेकडे वळले की फुलांच्या आणि अगरबत्तीच्या वासात हळूहळू ओल्या गवताचा वास मिसळू लागतो. एका बाजूला नकली दागिन्यांची दुकाने, दुसऱ्या बाजूला पूजासाहित्याची, हातगाड्या, पाट्या वाहणारे हमाल, दर्शनाची घाई असलेली माणसे; आणि या सगळ्याच्या मधोमध एका आवारात शांतपणे रवंथ करणाऱ्या गाई. काळबादेवी, झवेरी बाजार, मंगळदास मार्केट ही भारतातील सर्वांत महाग जागांत मोडणारी व्यापारपेठ येथून चालत काही मिनिटांवर आहे. अशा ठिकाणी, जेथे हातभर ओट्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात, तेथे म्हाताऱ्या, आटलेल्या, लंगड्या जनावरांसाठी एवढी जागा राखून ठेवलेली आहे. येथे कोणी गवताची पेंढी विकत घेऊन गाईपुढे ठेवतो, कोणी नातवाचा हात धरून त्याच्याकडून घास देववितो, आणि पुन्हा आपल्या पेढीच्या वाटेला लागतो. पत्ता विचारला तर कोणीही एकाच शब्दात सांगेल : पांजरपोळ.

हा शब्द आपल्या घरांत इतका रुळलेला आहे की तो काय सांगतो याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. घरात गुजराती, कच्छी किंवा मारवाडी, बाजारात मराठी आणि कागदोपत्री इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या कुटुंबांत तो सर्व भाषांतून सारखाच फिरतो. पर्युषणात जीवदयेची टीप लिहिताना, संक्रांतीला घासाचे पैसे पाठविताना, घरातील मंगल प्रसंगी किंवा एखाद्याच्या पुण्यतिथीला काही रक्कम बाजूला काढताना तो ओठांवर येतो. परंतु शब्दांनाही कुळ असते, गाव असते, आणि त्यांनी केलेला प्रवास असतो. पांजरपोळ या शब्दाच्या मागे चालत गेले तर आपण भुलेश्वरहून अहमदाबादच्या पोळांत, तेथून गिरनारच्या पायथ्याशी, आणि शेवटी आपल्या स्वतःच्या हिशेबवहीपर्यंत येऊन पोहोचतो.

दोन शब्दांची सोयरीक

पांजरपोळ हा जोडशब्द आहे आणि तो मराठीत गुजरातीतून आला. गुजरातीत त्याचे रूप पांजरापोळ असे आहे. मुंबईतही पुष्कळ पाट्यांवर तेच दिसते. पहिल्या भागाचे मूळ संस्कृत पंजर. त्याचेच दुसरे रूप म्हणजे आपला रोजचा पिंजरा. दुसरा भाग पोळ. आणि येथे मराठी कान चटकन फसतो.

मराठीत पोळ म्हणजे देवाच्या नावाने डाग देऊन सोडलेला वळू. श्रावणाच्या किंवा भाद्रपदाच्या अमावास्येला येणारा बैलांचा पोळा आपल्याला ठाऊक असतो. त्यामुळे पांजरपोळ म्हणजे अशा पोळांना ठेवण्याचा पिंजरा, असा अर्थ सहज मनात येतो. इंग्रज अमदानीत तयार झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशाच्या सुधारित आवृत्तीतही पिंजरा आणि शिवाच्या नावाने सोडलेला वळू अशीच फोड दिलेली आहे. फोड आकर्षक आहे, पण ती पटत नाही. देवाच्या नावाने सोडलेल्या वळूचे सारे माहात्म्यच तो मोकळा असण्यात आहे. त्याला कोणी बांधत नाही, त्याने कोणाच्या दुकानातील धान्यात तोंड घातले तरी हात जोडून त्याला पुढे जाऊ देतात. ज्याला मुद्दाम सोडले त्याच्यासाठी पिंजरा कशाला बांधायचा? शिवाय हा शब्द ज्या गुजरातीत घडला, तेथे अशा वळूला आखलो किंवा सांढ म्हणतात.

गुजरातीतील पोळ वेगळी आहे. संस्कृतात प्रतोली म्हणजे नगरातील मोठा रस्ता, तसेच तटाचा दरवाजा. प्राकृतात तिचे पओली झाले, आणि पुढे राजस्थानात पोल व गुजरातेत पोळ. उदयपूरची सूरजपोल, हाथीपोल किंवा चितोडगडावर चढताना एकामागून एक लागणारे दरवाजे हे या शब्दाचे राजस्थानी रूप. गुजरातेत अर्थ थोडा सरकला. दरवाजाचे नाव दरवाजाच्या आतल्या वस्तीला मिळाले.

अहमदाबादच्या जुन्या शहरात गेलेल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. एकच दरवाजा, आत अरुंद वाट, दोन्ही बाजूंना कोरीव लाकडी घरे, मध्येच देरासर, आणि चौकात खांबावर उभारलेला चबुतरो, ज्यावर पाखरांसाठी रोज दाणे पडतात. मांडवीनी पोळ, मुहूर्त पोळ अशी त्यांची नावे. रात्री दरवाजा लागला की आतली माणसे एकमेकांची. २०१७ साली युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा नगर म्हणून मान्यता दिली, त्यात या पोळांचा वाटा मोठा आहे. पोळ म्हणजे कोंडून ठेवण्याची जागा नव्हे, आपल्या माणसांनी दार लावून निर्धास्त झोपण्याची जागा.

आता जोडशब्द पुन्हा वाचावा. पांजरापोळ म्हणजे जनावरांची पोळ, मुक्या जिवांचा मोहल्ला. जशी सोनारांची पोळ, जशी एखाद्या ज्ञातीची पोळ, तशीच ज्यांची ज्ञात नाही आणि ज्यांना मालक उरला नाही त्यांचीही एक पोळ, गावातच, माणसांच्या शेजारी. भुलेश्वरचे आवार भर वस्तीत का, या प्रश्नाचे उत्तर या एका शब्दात आहे. शेजाऱ्याचे घर कोणी गावाबाहेर टाकत नाही.

पंजर : कैद आणि कवच

पण मग पिंजरा हा शब्द तेथे कशाला आला? पिंजरा म्हटले की आपल्याला गजाआडचा पोपट आठवतो. येथे पंजर या शब्दाची दुसरी बाजू पाहावी लागते.

आपल्या छातीच्या फासळ्यांनाही पंजर म्हणतात. अस्थिपंजर हा शब्द मराठीत आहेच. हा पिंजरा हृदयाला कैद करीत नाही, तो त्याला जपतो. आपल्या परंपरेत पूजेआधी अंगांवर हात ठेवून म्हटले जाणारे आत्मरक्षेचे स्तोत्र वज्रपंजर या नावाने प्रसिद्ध आहे. नवकाराच्या पदांचे कवच साधक आपल्या देहाभोवती रचतो. हिंदू घरांत संध्याकाळी म्हटल्या जाणाऱ्या रामरक्षेलाही वज्रपंजर हेच नाव आहे. आणि मुंबई-ठाण्याच्या या भूमीशी शब्दाचे नाते तर हजार वर्षांचे आहे. उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार राजांच्या ताम्रपटांत त्यांच्या बिरुदांमध्ये ‘शरणागतवज्रपंजर’ हे एक बिरुद येते. जो शरण आला त्याच्याभोवतीचा अभेद्य पिंजरा म्हणजे राजा. ज्या कोकणपट्टीत ते बिरुद मिरवले गेले, तेथेच पुढे व्यापाऱ्यांनी शरण आलेल्या जनावरांसाठी पंजर उभारावा, हा योगायोगच. पण शब्द आपला अर्थ विसरत नाहीत असे वाटायला लावणारा योगायोग.

एकच गज आतल्याला बाहेर जाऊ देत नाहीत आणि बाहेरच्याला आत येऊ देत नाहीत. तो पिंजरा कैद की कवच, हे गजांवरून ठरत नाही. बाहेर कोण उभे आहे आणि दाराची किल्ली कोणाच्या हातात आहे, यावरून ठरते.

गिरनारच्या वाटेवरचे वाडे

पंजर शब्दाच्या या दोन अर्थांमध्ये आपल्या धर्मकथेतील सर्वांत हृदयस्पर्शी प्रसंग उभा आहे. बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ, म्हणजे अरिष्टनेमी, यांची वरात राजीमतीच्या घराकडे निघाली आहे. वाटेत भयाने व्याकूळ झालेल्या प्राण्यांचा आक्रोश त्यांच्या कानी पडतो. ते सारथ्याला विचारतात, आणि उत्तर मिळते की हे सारे तुमच्याच विवाहाच्या भोजनासाठी आहेत. नेमिकुमार अंगावरचे अलंकार उतरवून सारथ्याला देतात. परंपरा सांगते की प्राणी मोकळे झाले आणि वरात मागे फिरली. पुढची वाट गिरनारची.

ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. उत्तराध्ययन सूत्राच्या बाविसाव्या अध्ययनात ती आहे. पण एक बारीक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. प्राण्यांना जेथे अडकवून ठेवले होते त्या जागांसाठी त्या प्राकृत गाथेत दोन शब्द येतात : वाड आणि पंजर. दोन्ही शब्द आज आपल्या मराठीत जिवंत आहेत. वाड हा आपल्या वाड्याचा पूर्वज. मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा. धनगर आपल्या मेंढरांसह जेथे उतरतो त्या जागेला आजही वाडा म्हणतो. पुढे त्याच शब्दाने सरदारांचे चौसोपी घर उभे केले, पुण्यात शनिवारवाडा झाला, आणि कोकणात वाडी.

म्हणजे पहिल्यांदा हे दोन शब्द आपल्या धर्मस्मृतीत येतात ते वधाच्या प्रतीक्षागृहाची नावे म्हणून. आणि त्यातील एक शब्द, पंजर, पुढे त्याच धर्माच्या अनुयायांनी अभयस्थानाला दिला. मारण्याआधी ठेवण्याची जागा मरेपर्यंत सांभाळण्याची जागा झाली. शब्द तोच राहिला, दारामागचा हेतू बदलला. भाषेत असे परिवर्तन क्वचितच दिसते, आणि ते कोणा पंडिताने घडविलेले नाही.

गिरनारला जाणाऱ्या यात्रेकरूने आणखी एक थांबा घ्यावा. जुनागढहून तळेटीकडे जाताना रस्त्याच्या कडेला सम्राट अशोकाचा शिलालेख कोरलेला मोठा खडक आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील या आज्ञांपैकी पहिलीत पशुहत्येला आवर घालण्याची गोष्ट आहे, आणि दुसरीत माणसांसाठी व पशूंसाठी अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे नोंदले आहे. बहुतेक यात्रेकरू पायऱ्या चढण्याच्या ओढीने त्या खडकाकडे पाहतही नाहीत. पण ज्या डोंगराकडे नेमिनाथ वळले, त्याच डोंगराच्या पायथ्याशी पशुचिकित्सेचा हा प्राचीन लेख असावा, हे जाणून पुढे चढायला लागणे अधिक अर्थपूर्ण आहे.

खंभात ते भुलेश्वर

गुजरातेतील या संस्थांना परदेशी प्रवाशांनी आश्चर्याने पाहिले. १५८० च्या दशकात आलेला इंग्रज व्यापारी राल्फ फिच याने खंभातेत लंगड्या-पांगळ्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पाखरांसाठी रुग्णालये असल्याचे लिहिले. १६२३ साली इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले खंभातेत आला, तेव्हा त्याने पाखरांचे रुग्णालय पाहिले, आणि तेथे उंदरांच्या अनाथ पिलांना पिसाने दूध पाजणारा एक वृद्धही. त्याने ते लिहून ठेवले. त्या वृद्धाचे नाव आपल्याला माहीत नाही. पांजरपोळाचा खरा इतिहास अशाच अनाम माणसांचा आहे.

याच काळात आचार्य हीरविजयसूरी फतेहपूर सिक्रीला अकबराच्या भेटीस गेले. पर्युषणाच्या दिवसांत जीवहत्या बंद ठेवण्याचे फर्मान आणि पिंजऱ्यातील पाखरांची सुटका, हे त्या भेटीचे फळ. एकीकडे पिंजरे उघडणे आणि दुसरीकडे पांजरपोळ बांधणे, ही एकाच करुणेची दोन कामे आहेत. ज्याला पंख आहेत त्याला आकाश द्यावे, ज्याचा पाय मोडला त्याला छप्पर.

मुंबईच्या पांजरपोळाची हकिकत मात्र बाजारपेठेची आहे, आणि व्यापारी कुटुंबांनी ती विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. कंपनी सरकारच्या काळात मुंबईत मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चाले आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे दिले जात. बक्षीस आले की हात सैल सुटतात. पाळलेली, कोणाच्या दारची कुत्रीही बळी पडू लागली. जून १८३२ मध्ये पारशी समाजाचा संताप उफाळून आला, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. बाकीचे समाजही सामील झाले. बाजार बंद पडला, किल्ल्यातील फौजेची रसद अडली. दंगल दडपली गेली, पण प्रश्न उरला : कुत्री मारायची नाहीत तर ठेवायची कोठे?

त्याचे उत्तर १८३४ साली मिळाले. जमशेटजी जिजीभाई हे पारशी आणि शेठ मोतीचंद अमीचंद हे जैन, अशा दोन धनाढ्य व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ सुरू झाले. मोतीचंद अमीचंद म्हणजे आपले मोतीशा शेठ, ज्यांचे नाव भायखळ्याच्या आदीश्वर देरासरामुळे आणि शत्रुंजयावरील मोतीशा टूकमुळे प्रत्येक यात्रेकरूला ठाऊक आहे. दोघांचीही संपत्ती समुद्रापलीकडच्या व्यापारातून, चीनकडे जाणाऱ्या कापसातून आणि अफूतूनही, आलेली होती. इतिहास सांगताना तेही सांगितले पाहिजे. पण धंद्यातले हे सहकारी एका वेगळ्याच कामासाठी एकत्र आले. एकाला कुत्रे पवित्र, दुसऱ्याला जीवमात्र. दोघांच्या श्रद्धा वेगळ्या आणि आवार एक. सरकारशी भांडण चालू ठेवण्याऐवजी त्यांनी सरकारला पर्याय उभा करून दाखवला. हा व्यापाऱ्याचा मार्ग आहे.

खर्च चालवण्याची रीतही व्यापाऱ्याचीच. गुजरात-मुंबईच्या महाजनांत मालाच्या उलाढालीवर लागा घेण्याची प्रथा होती. गाठीमागे, पोत्यामागे, हुंडीमागे थोडे थोडे धर्मादा म्हणून वेगळे निघे, आणि त्यातून पांजरपोळे चालत. कोणा एकाच्या उदारपणावर ती अवलंबून नव्हती. धंदा चालला की गवत आपोआप पोहोचे. जीवदयेच्या खात्यातील रक्कम दुसऱ्या कोणत्याही कामाला, अगदी देरासराच्या कामालाही, वळवायची नाही हा दंडक आजही आपले संघ पाळतात. जनावर हिशेब विचारू शकत नाही, म्हणून त्याचा हिशेब अधिक चोख ठेवायचा.

शेजारचे शब्द

पांजरपोळाचे वेगळेपण समजण्यासाठी मराठीतील शेजारचे शब्द पाहावेत. गोठा हा गोष्ठापासून आला, म्हणजे गाई जेथे उभ्या राहतात ती जागा. गाई एकत्र येत तेथे माणसेही जमत, बोलत; त्यातून गोष्ठी म्हणजे बैठक, आणि गोष्टीतून आपली ‘गोष्ट’. आजी नातवंडांना सांगते ती गोष्ट मुळात गोठ्याच्या अंगणातली आहे. गोठ्यातील जनावर मात्र घरचे असते. दूध देते, नांगर ओढते, म्हणून तेथे असते.

कोंडवाड्याचे स्वरूप अगदी निराळे. कोंडणे आणि वाडा, शब्दच सारे सांगतो. १८७१ च्या कायद्याने त्याला सरकारी रूप मिळाले. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले गुरू तेथे नेऊन अडकवायचे, मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवायचे, मुदतीत कोणी आले नाही तर लिलाव. कोंडवाड्यातील जनावर आरोपी असते. दया पवार यांनी आपल्या कवितासंग्रहाला ‘कोंडवाडा’ हे नाव दिले आणि माणसांनी माणसांना कोंडल्याची वेदना त्या एका शब्दात साठवली. इतका तो शब्द कठोर आहे.

चारा छावणी हा दुष्काळाचा शब्द. मराठवाड्यात, सोलापूर-सांगलीच्या पूर्व भागात पाऊस फिरकला नाही की छावण्या उघडतात, शेतकरी जनावरांसोबत तेथेच राहतो, आणि पाऊस पडला की दोघेही घरी जातात. गोशाळा गाईची, तिच्या नावातच ते आहे.

या सर्वांहून पांजरपोळ वेगळे ठरते ते एका गोष्टीने. तेथे प्रवेशासाठी उपयोगाची परीक्षा नाही. दूध किती, वय किती, जात कोणती, मालक कोण, हे प्रश्न दारात विचारले जात नाहीत. गाय येते तशी शेळी, घोडा, कुत्रा, पंख तुटलेले कबूतर. जुन्या गुजरातेत काही पांजरपोळांत जीवातखाना नावाची खोली असे. घरातील धान्य निवडताना निघालेले किडे मारायचे नाहीत म्हणून ते थोड्या धान्यासह तेथे नेऊन सोडत. परदेशी लोकांना याचे हसू येई. पण ज्या विचाराने गाय सांभाळली त्याच विचाराने टोके सांभाळायचे, त्यात रेषा कोठेच ओढायची नाही, हा आग्रह साधा नाही.

नावे उरतात, जागा सरतात

आज हा शब्द महाराष्ट्राच्या नकाशावर विखुरलेला आहे. मुंबईत पूर्व मुक्त मार्ग २०१३ साली सुरू झाला, तो चेंबूरच्या पांजरापोळापाशी उतरतो. रोज हजारो वाहनचालक ते नाव उच्चारतात. त्यातील किती जणांना ते शहराबाहेर जनावरांसाठी राखलेल्या जागेचे नाव असल्याचे आठवत असेल? भोसरीत पांजरपोळ आहे, कोल्हापुरात त्या नावाचा भाग आहे आणि तेथे यंत्रांचा खडखडाट ऐकू येतो. नाशिकजवळ चुंचाळे येथील पांजरपोळाच्या विस्तीर्ण जमिनीवर उद्योग आणण्याची चर्चा २०२३ साली सुरू झाली, तेव्हा तिला विरोध करायला शहरातले सामान्य नागरिक आणि वृक्षप्रेमी पुढे आले. जनावरांसाठी राखलेले रान शहराचे फुप्फुस होऊन बसले होते. आपल्या पूर्वजांनी एका जिवासाठी ठेवलेली जागा अनेक जिवांच्या कामी आली.

जमिनीचे भाव वाढले की अशा प्रत्येक आवाराकडे नजरा वळतात, आणि त्यातील काही नजरा आपल्या घरच्याही असतात. विश्वस्त मंडळांच्या बैठकीत ‘ही जागा देऊन दूर मोठी जागा घेऊ’ हा प्रस्ताव येतो. कधी तो योग्यही असतो. आजारी जनावराला सिमेंटच्या फरशीपेक्षा मोकळे कुरण बरे. पण जनावरे कायमची दृष्टीआड गेली की हळूहळू मनाआडही जातात. पोळ गावात होती, म्हणून नातवाचा हात गाईपर्यंत पोहोचला.

२०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही कायद्याने बंदी आहे. आपल्यापैकी अनेकांनी तिचे स्वागत केले. मात्र बंदी म्हणजे पालन नव्हे. थकलेला बैल मारला जाणार नाही, इतकेच कायदा सांगतो. तो जगेपर्यंत त्याला रोज चारा-पाणी कोण देणार, हे कायदा सांगत नाही. लहान शेतकऱ्याला ते पेलत नाही. त्याचे उत्तर पांजरपोळालाच द्यावे लागते, आणि पांजरपोळाचे उत्तर आपल्या वहीला.

बंध आणि अभय

शेवटी एक विचार, जो आपल्या व्रतविचारातच आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. जिवाला बांधणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही इतके ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे. या यादीत पहिला क्रम बंधाचा आहे, मारण्याच्याही आधीचा. कोंडणे हीसुद्धा हिंसाच, हे आचार्य उमास्वातींनी आपल्याला शतकानुशतकांपूर्वी बजावले आहे.

पांजरपोळ चालवणाऱ्याने आणि त्याला दान देणाऱ्यानेही हे सूत्र समोर ठेवायला हवे. पन्नास जनावरांच्या जागेत शंभर दाटीने उभी असतील, आखूड दाव्याने मान वळत नसेल, खुरे वाढून चालता येत नसेल, पाण्याची टाकी कोरडी असेल, तर दारावरची पाटी काहीही म्हणो, आत बंध आणि अन्नपाननिरोध हे अतिचार घडत आहेत. तसेच घास देणाऱ्यांचे. सणाच्या दिवशी एकाच गाईला दहा घरांतून लाडू, पुऱ्या, शिरा, भिजवलेले धान्य मिळते. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटाला असे पिठूळ अन्न एकदम सोसत नाही. पोट फुगते, आम्ल वाढते, कधी जनावर दगावतेही. पुण्य आपल्या हाताचे आणि पोट तिचे. हिरवा चारा किंवा वाळके गवत देणे, आणि त्याहून चांगले म्हणजे सणाव्यतिरिक्तच्या, उन्हाळ्यातल्या, चारा महागलेल्या महिन्यांसाठी रक्कम बांधून देणे, यात दया आणि समज दोन्ही आहेत. व्यापाऱ्याला हे सांगायला नको की गल्ला सणाला भरतो, पण भाडे बारा महिने द्यावे लागते.

आणि एक गोष्ट घरातली. आपल्या बोलण्यात पांजरपोळ हा शब्द कधी कधी हिणवण्यासाठी येतो. पेढीवर एखादा वृद्ध मुनीम पुष्कळ वर्षे राहिला, आकडे चुकू लागला, की नव्या पिढीतील कोणी सहज म्हणून जातो, ‘ही पेढी आहे, पांजरपोळ नाही.’ वाक्य हसण्यावारी जाते. पण ज्याने आयुष्यभर वही लिहिली, त्याच्या कानावर ते पडले तर? ज्या शब्दाने आपल्या पूर्वजांनी ‘उपयोग संपला तरी तू आमचा आहेस’ असे मुक्या जिवाला सांगितले, त्याच शब्दाने आपण माणसाला ‘तुझा उपयोग संपला’ असे सांगू लागलो, तर आपल्या हातून त्या शब्दाचा प्रवास उलट दिशेने होईल. वाडे आणि पंजर पुन्हा वरातीच्या वाटेवर जाऊन उभे राहतील.

शब्द जपण्यासाठी कोश पुरे पडत नाही, आचरण लागते. पांजरपोळ या शब्दाचा अर्थ अजून आपल्याकडे शाबूत आहे, कारण कोठेतरी पहाटे कोणी गव्हाणीत चारा टाकतो आहे, कोणी जखमेवर औषध लावतो आहे, आणि कोणी महिनाअखेरीस जीवदया खात्यात रक्कम लिहितो आहे. पुढच्या वेळी मुलांना घेऊन तेथे जाल तेव्हा त्यांना घास तर देऊ द्यावाच. सोबत या शब्दाचीही गोष्ट सांगावी. पोळ म्हणजे काय, पंजर म्हणजे काय, आणि एका राजकुमाराने वरात का फिरवली ते. गोष्ट हा शब्दही गोठ्यातूनच आला आहे, हे ऐकून त्यांना मौज वाटेल.

जय जिनेंद्र.